श्रमदान बायांचे, सही कुणाची?

'महिलांचा उत्स्फूर्त सहभाग' हे शब्द वृक्षारोपणाच्या, वणवा विझवण्याच्या, तळ्यातला गाळ काढण्याच्या अहवालांत हमखास सापडतात. फोटोतही बायाच असतात, डोक्यावर घमेले, हातात झाडू. त्याच अहवालाखाली सह्या कुणाच्या आहेत, हे एकदा नीट पाहा. दान द्यायचे की नाही, हे देणाऱ्याला ठरवता आले तरच ते दान. काम कुठले करायचे हे दुसऱ्याने ठरवले आणि 'नाही' म्हणायची सोय ठेवली नाही, तर त्याला आपल्याकडे वेठ म्हणतात.

हे मी गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकशाबद्दल लिहिते आहे. सालेकसा तालुक्यातले, छत्तीसगडच्या सीमेजवळचे, मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरचे हे छोटे गाव. जवळच हाजरा फॉल आणि कचारगडची गुहा. माघ पौर्णिमेला इथे अनेक राज्यांतून गोंड समाज लाखोंनी येतो. कचारगडच्या कथेत कली कंकाली मायेच्या मुलांचा सांभाळ करणारी जंगो रायताड आहे. निराधार बायांना आधार देणारी म्हणूनही समाज तिला मानतो. म्हणजे या डोंगराची राखण आणि बाई यांचे नाते आजचे नाही. मात्र यात्रा उलगली, पर्यटक परतले की मागे राहिलेला कचरा उचलायला 'स्वयंसेवक' म्हणून ज्या पुढे होतात, त्यांना त्या जागेच्या कारभारात काय स्थान असते?

जंगल राखणे म्हणजे काही एक दिवसाची मोहीम नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात. फुले पाचोळ्यात दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची जुनी रीत आहे, आणि तीच आग कधी पुढे सरकून वणवा होतो. मग 'बायांनीच जंगल जाळले' असे बोलायला सगळे मोकळे. पाला न जाळता झाडून काढता येतो. पण त्यासाठी बाईला आणखी आधी उठावे लागते, आणि दररोज झाडावे लागते. हा तास संवर्धनाचाच आहे ना? तो कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिला जातो? मे महिन्यात तेंदूपत्ता. पाने तोडायची, ७० पानांचा एकेक पुडा बांधायचा. पाऊस पडला की रोवणी. या साऱ्यातून उरलेला वेळ म्हणजे 'श्रमदानासाठी मोकळा वेळ' असे धरले जाते.

इंग्लंडमध्ये १८९५ साली 'नॅशनल ट्रस्ट' स्थापन झाली. जमीन विकायची नाही, सर्वांसाठी कायम राखायची, हा तिचा विचार. तिच्या तीन संस्थापकांत ऑक्टेव्हिया हिल ही बाई होती. आज तिथे हजारो स्वयंसेवक काम करतात. ते चांगलेच आहे. पण शनिवार-रविवारची सुट्टी किंवा पेन्शन असलेल्याचे एक दिवसाचे काम आणि रोवणीची मजुरी बुडवून आलेल्या बाईचे एक दिवसाचे काम एका मापाने मोजता येत नाही.

आपल्याकडे अशा ट्रस्टहून मोठा अधिकार कायद्यानेच दिला आहे. गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून १९९६ चा पेसा कायदा इथे लागू होत नाही. २००६ चा वनहक्क कायदा मात्र लागू आहे. आपले सामूहिक वन राखण्याचा, वाढवण्याचा, त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात ग्रामसभेला आहे. गौण वनउपजाची मालकीही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकून दाखवला.

पण गावाला हक्क मिळाला म्हणजे बाईला मिळाला, असे आपोआप होत नाही. म्हणूनच वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, ग्रामसभेला हजर असणाऱ्यांतही एक तृतीयांश बाया हव्यात, असे नियम आहेत. कसणुकीच्या जमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे, आणि एकटी बाई कुटुंब चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावे. प्रत्यक्षात काय होते? मोहफुले वाळवायच्या वेळेला सभा ठेवायची, आणि नंतर रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घ्यायचे. असे अंगठे मी पाहिले आहेत. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्यांचा अभ्यास करून २०१० मध्ये पुस्तक लिहिले. समितीत बाया पाव ते एक तृतीयांश झाल्या की त्या बोलू लागतात, आणि जिथे बाया जास्त तिथे जंगलही अधिक सुधारते, असे त्यात दिसले. म्हणजे बायांना जागा देणे ही मेहेरबानी नाही, जंगलाचीच ती गरज आहे.

'सगळ्याचेच पैसे मागितले तर गाव एकत्र कसे येणार?' असे काही कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. गावाने सभेत बसून ठरवलेले, बाया-पुरुषांनी पाळीपाळीने केलेले श्रमदान मला मान्यच आहे. त्यात आलेल्यांसाठी भाकरी थापणे, पाणी भरणे हेही काम म्हणून मोजा, आणि त्याचीही पाळी पुरुषांवर येऊ द्या. पण योजना सरकारची, कमाई पर्यटनाची आणि घाम तेवढा बायांचा, असे असेल तर तिथे दान नको, मजुरी हवी. पुरुषाइतकीच हवी.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत चार गोष्टी विचारू या. समितीत बाया किती, आणि त्यांना सभेची नोटीस मिळते का? जंगलाच्या आणि पर्यटनाच्या पैशाचा हिशोब वाचून दाखवला जातो का? खात्यावर सही करणाऱ्यांत बाई आहे का? सभेची वेळ कुणाच्या सोयीने ठरते?

उत्तरे मिळेपर्यंत रजिस्टरवर अंगठा द्यायचा नाही. झाडू मात्र कुणाच्या हातात द्यायचा, ते आपण सभेतच ठरवू.