छुपा कॅमेरा शोधणारे यंत्र आणि आपल्या मुली

परतूर, मंठा, घनसावंगी, भोकरदन या तालुक्यांतून आपल्या समाजाच्या मुली शिक्षणासाठी जालना शहरात, छत्रपती संभाजीनगरला आणि थेट पुण्यापर्यंत जाऊन राहतात. कुणी शासकीय वसतिगृहात, कुणी भाड्याच्या खोलीत, तर परीक्षेच्या आदल्या रात्री कुणी लॉजवर. छुप्या कॅमेऱ्याच्या बातम्या मोबाईलवर फिरू लागल्या की अनेक घरांत पहिला विचार येतो तो मुलीला परत आणण्याचा. म्हणजे गुन्हा करणारा मोकळा आणि शिक्षण सुटते ते आपल्या मुलीचे! याच भीतीच्या बाजारात ‘आरएफ डिटेक्टर’ नावाचे हातात मावणारे यंत्र विकले जाते. ते घ्यावे की नाही आणि घेतल्यास कोणते, याचा विचार डोळसपणे झाला पाहिजे.

हे यंत्र कॅमेरा शोधत नाही, तर आसपासच्या रेडिओलहरी ओळखते. वायफायवरून किंवा सिमकार्डावरून चित्र-आवाज बाहेर पाठवणारे उपकरण जवळ असेल तर दिवे लागतात, आवाज होतो. मात्र मेमरी कार्डावर गुपचूप साठवण करणारा कॅमेरा लहरी सोडतच नाही. तारेने जोडलेल्या कॅमेऱ्याचेही तेच. सिमवर चालणारे उपकरण शांत असेल तेव्हा तेही सापडत नाही. म्हणून ‘सर्व काही शोधते’ असे सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

घ्यायचेच असेल तर चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, यंत्राची कक्षा किमान ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत असावी. कारण वायफाय २.४ प्रमाणेच ५ गिगाहर्ट्‌झवरही चालते. दुसरी, संवेदनक्षमता कमी-जास्त करता यावी व लहरींचा जोर टप्प्याटप्प्याने दिसावा. नुसते ओरडणारे यंत्र शेजारच्या वायफायलाही ओरडते. तिसरी, त्यात लाल दिव्यांचे भिंग असावे. अंधारात त्यातून पाहिल्यास कॅमेऱ्याची काच चमकते, मग कॅमेरा लहरी सोडो वा न सोडो. चौथी, दुकानातच परीक्षा घ्यावी. एका मोबाईलचे हॉटस्पॉट सुरू करून यंत्र जवळ-दूर न्यावे. दिवे त्याप्रमाणे वाढले-घटले पाहिजेत. खोली तपासताना मात्र स्वतःचे मोबाईल बंद ठेवावेत. आणि ‘जॅमर’ कुणी विकत असेल तर मुळीच घेऊ नये. परवानगीशिवाय त्याचा वापर बेकायदेशीर आहे.

यंत्रापेक्षाही मोठी आहे ती आपली नजर. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी एका कपड्यांच्या दुकानातील ट्रायल रूमकडे रोखलेल्या कॅमेऱ्याचे प्रकरण उघडकीस आणले. तो कॅमेरा यंत्राने नव्हे, डोळ्यांनी सापडला. मंत्र्यांची तक्रार पोलिसांनी तातडीने घेतली. मंठ्याच्या शेतमजुराच्या मुलीची तक्रार तितक्याच तातडीने घेतली जाईल काय? खरा प्रश्न हा आहे.

म्हणून कायदा माहीत हवा. असे काही सापडले तर ते काढू नये, फोडू नये. तो पुरावा आहे. न हलवता फोटो घ्यावा, खोलीबाहेर पडावे आणि ११२ वर कळवावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे वा टिपणे हा गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीस १ ते ३ वर्षे, पुन्हा केल्यास ३ ते ७ वर्षे शिक्षा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई हेही लागू होते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. पीडिता अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला ठाऊक असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(२)(व्हीए) लावण्याचा आग्रह धरावा. अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हे संरक्षण आहे, हे १९९० च्या दुरुस्तीनंतर तरी कुणाला सांगावे लागू नये.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये माणसाचे शरीर, घर व कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. सत्तर वर्षांनी मिळालेला हा हक्क बाजारातून विकत घेण्याची पाळी गरिबावर का यावी?

प्रत्येक पालकाने कर्ज काढून यंत्र घेण्याची गरज नाही. वस्तीतील महिला मंडळाने किंवा विद्यार्थी संघटनेने वर्गणीतून एक चांगले यंत्र घ्यावे व ते मुलींना वापरायला शिकवावे. वसतिगृहांची नियमित तपासणी मात्र शासनाचीच जबाबदारी आहे. जिल्हा प्रशासनाने ती महिला पोलीस व मुलींच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीत करावी, दिनांकासह नोंद ठेवावी आणि ती फलकावर लावावी. ही मागणी लेखी निवेदनाने करू या, पोच घेऊ या. भीतीपोटी एकाही मुलीचे दप्तर घरी परत येता कामा नये!