वाटेवरच्या गावांचे ऋण

जानेवारी २०२६ मध्ये, १९ ते २३ या पाच दिवसांत, पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या मान्यतेची टप्प्याटप्प्यांची स्पर्धा पार पडली. एकूण अंतर ४३७ किलोमीटर. मुळशी-मावळच्या चढणी, राजगड आणि पुरंदर तालुक्यांतील डोंगरवाटा देशोदेशींच्या सायकलपटूंनी पादाक्रांत केल्या. एके काळी ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याला आणि ‘घाटाचा राजा’ ठरविणारी मुंबई-पुणे शर्यत पाहत वाढलेल्या पिढ्यांना या आयोजनाचे अप्रूप वाटले असल्यास नवल नाही. स्पर्धेच्या निमित्ताने शेकडो किलोमीटरचे रस्ते गुळगुळीत झाले, हाही लाभच. तथापि स्पर्धक परतले, कमानी उतरल्या आणि एक प्रश्न मागे उरला. ज्या गावांमधून ही चाके भरधाव गेली, त्या गावांशी नागर समाजाचे नाते काय?

हा प्रश्न समजण्यासाठी एकच वाट पाहावी. कात्रजचा जुना घाट ओलांडून सायकल शिवापूर, नसरापूर मागे टाकीत कापूरव्होळला येते. तेथून डावीकडे वळून नारायणपूरमार्गे सासवड, आणि दिवे घाट उतरून पुन्हा पुणे. सुमारे शंभर किलोमीटरचा हा फेरा सरावलेला सायकलस्वार एका दिवसात सहज पूर्ण करतो. या एका दिवसात त्याच्या चाकाखालून किती शतके सरकतात! नसरापूरजवळच्या झाडीत नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले बनेश्वर आहे, आणि तेथील घंटा १७३९ च्या वसईविजयाची आठवण सांगते. कापूरव्होळ हे धाराऊचे गाव. सईबाईसाहेबांच्या आजारपणात बाळ शंभूराजांना ज्या माउलीने आपले दूध पाजले, ती या गावच्या गाडे घराण्यातली. पुढे पुरंदरच्या पायथ्याशी नारायणेश्वराचे यादवकालीन मंदिर आहे. डोक्यावर उभा असलेला पुरंदर १४ मे १६५७ रोजी शंभूराजांच्या जन्माचा आनंदसोहळा पाहतो. आणि अवघ्या आठ वर्षांनी, १६६५ मध्ये, मुरारबाजीचे बलिदान आणि तेवीस किल्ले देऊ करणारा तहही तोच पाहतो. सासवडला सोपानदेवांची समाधी आहे. १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथांनी देह ठेवला तोही सासवडलाच. मोटारीच्या काचेतून ही सारी गावे पाट्यांपुरती उरतात. सायकलवर मात्र चढ लागला की वेग मंदावतो, दम लागला की थांबावे लागते, आणि पाणी मागण्यासाठी कोणाच्या तरी ओसरीवर जावे लागते. इतिहासाची भेट बहुधा अशा ओसरीवरच होते.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन उभे राहिले ते गावोगावच्या वाड्यांतील दप्तरांवर. इतिहासाचार्य राजवाडे यांनी आयुष्यभर पायपीट करून खेड्यापाड्यांतून कागद गोळा केले आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कापूरव्होळहून भोरकडे वळले की रोहिडखोऱ्यात कारी हे गाव लागते. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी वतनावर पाणी सोडून शिवछत्रपतींच्या पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे याच गावचे देशमुख. या घराण्याच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणली. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख निश्चित करण्यात तिचा केवढा वाटा आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. एका खेड्यातील घराने काही पाने पिढ्यान्पिढ्या जपली नसती, तर साऱ्या महाराष्ट्राची जयंतीची तिथीच अंधारात राहिली असती. गावाचे ऋण म्हणतात ते हेच.

आज मात्र या ऋणाची जाणीव विरळ होत चालली आहे. जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. अवघ्या हिंदू समाजाने अभिमान बाळगावा अशीच ही घटना होय. परंतु किल्ला एकटा लढला नव्हता. त्याला धान्य, माणूस, घोडा आणि बातमी पुरविली ती पायथ्याच्या गावांनी. वारसा यादीत गड आला. गडाखालच्या खोऱ्यात डोंगरउतार कापून ‘फार्महाऊस’चे भूखंड पाडले जात आहेत. रुंदीकरणात शतायुषी वड जातात, पडक्या वाड्यांच्या जागी सिमेंटचे गाळे उभे राहतात, आणि देवळाचे शिखर फलकांच्या आड लपते. शहरी पाहुणा रिसॉर्टवर उतरतो, गडावर जयघोष करतो, छायाचित्रे काढतो आणि रात्री घरी परततो. गावाच्या वाट्याला कचरा तेवढा राहतो. शिवरायांच्या नावाने घोषणा देणे सोपे. त्यांना साथ देणाऱ्या घरांच्या आजच्या वारसांशी दोन शब्द बोलणे कठीण का व्हावे, याचा विचार राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनी तरी केला पाहिजे.

ग्रामस्थांच्या गरजांकडे पाठ फिरवून कोणी रस्ते अरुंद ठेवा म्हणेल, तर तो शहाणपणा नव्हे. रुग्णाला वेळेवर रुग्णालय गाठता यावे, भाजीपाला सकाळी बाजारात पोहोचावा, मुलींना शाळेत जाता यावे, यासाठी चांगला रस्ता हवाच. प्रश्न एवढाच की रस्ता गावासाठी होणार, की गावाला केवळ मागे टाकण्यासाठी?

युरोपने या प्रश्नाचे एक उत्तर सायकलच्याच साहाय्याने शोधले. इटलीच्या टस्कनी प्रांतात द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमधून पांढऱ्या मातीचे जुने रस्ते जातात. ते डांबराखाली गडप होऊ नयेत म्हणून १९९७ साली गायोले या गावी जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी सुरू झाली. तिच्यात भाग घ्यायचा तर सायकल १९८७ पूर्वीच्या बनावटीची हवी. त्याच रस्त्यांवरून पुढे २००७ पासून व्यावसायिकांची मोठी शर्यत सिएना या प्राचीन नगरीत संपू लागली, आणि मातीचा रस्ता हेच त्या प्रदेशाचे वैभव ठरले. उत्तर फ्रान्समध्ये १८९६ पासून चालत आलेल्या पॅरिस-रुबे शर्यतीच्या फरसबंदी वाटा जपण्यासाठी शर्यतीच्या चाहत्यांची स्वतंत्र संस्था आहे. तिचे सभासद स्वतःच्या हाताने निखळलेले दगड पुन्हा बसवितात. शासनाच्या आदेशाची वाट न पाहता समाज उभा राहिला, हे त्या यशाचे मर्म आहे.

पण हे शिकण्यासाठी टस्कनीपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. जो दिवे घाट सायकलस्वाराच्या पायांची परीक्षा घेतो, तोच ज्ञानोबांची पालखी दरवर्षी चढून जाते. त्या रात्री सासवड लक्षावधी वैष्णवांचे यजमान होते. कोणत्या गावी विसावा, कोठे मुक्काम, कोणाच्या घरची भाकरी हे सारे परंपरेने ठरलेले. जातिपातीची विचारपूस न करता घराघरांतून पाण्याचा तांब्या पुढे येतो. वाटसरू आणि वाटेवरचे गाव यांच्या नात्याचे याहून सुंदर उदाहरण जगात क्वचितच सापडेल. वर्षातून एकदा जे नाते जिवंत होते, ते वर्षभर टिकविणे हे आजच्या पिढीचे कार्य आहे.

ते कार्य फार खर्चाचे नाही. शहरातील एखाद्या शाळेने, गणेश मंडळाने किंवा शाखेने एकेक वाट दत्तक घ्यावी. महिन्यातून एका रविवारी पंधरा-वीस तरुणांनी सायकलवर त्याच वाटेने जावे. दर वेळी नवी वाट शोधण्याचा हव्यास धरू नये. एकाच गावी वारंवार गेल्यानेच ओळख होते. गावातील बचत गटाकडून न्याहारी घ्यावी, पुरंदरच्या शेतकऱ्याकडून अंजीर आणि सीताफळ विकत घ्यावे. तेथील अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. त्याचा दाम शेताच्या बांधावरच शेतकऱ्याच्या हाती पडला तर त्या मानांकनाला अर्थ येईल. वृद्धांकडून वीरगळांच्या, वाड्यांच्या, देवळांच्या आठवणी टिपून घ्याव्यात. जुनी कागदपत्रे आढळली तर मालकाच्या संमतीने ती अभ्यासकांना दाखवावीत. ग्रामपंचायतीला सोबत घेऊन रस्त्याकडेच्या जुन्या झाडांची नोंद करावी, म्हणजे रुंदीकरणाच्या वेळी बोलण्यास आधार राहील. आणि परतताना स्वतःचा कचरा स्वतःच्या पिशवीतून न्यावा.

संघाच्या जुन्या पिढीला यात काही नवे वाटणार नाही. त्या काळी प्रचारकाचे वाहन म्हणजे सायकल, आणि मुक्काम कार्यकर्त्याच्या घरी. गाव कळले ते अशा मुक्कामांतून, आणि काम वाढले तेही त्याच ओळखींतून. पुढे वाहने वेगवान झाली, बैठका वाढल्या आणि ओसरी दुरावली, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. अर्ध्या तासाच्या बैठकीत गावाचा अहवाल मिळतो. गावाचे मन कळायला तिथे जेवावे लागते.

पुण्याच्या रस्त्यांवर पुन्हा जगभरचे सायकलपटू येवोत. त्यांचे स्वागत सर्वांनीच करावे. त्यांना वेळेशी स्पर्धा करायची असते, म्हणून त्यांनी कापूरव्होळला थांबावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. धाराऊच्या गावी क्षणभर सायकलवरून उतरण्याचे कर्तव्य मात्र तिच्या दुधाचे ऋण मानणाऱ्यांचे आहे.