हरी सेल्डन आणि आमचे आजोबा

परवा मेसमध्ये जेवताना वाद झाला. विषय नेहमीप्रमाणे कुठून कुठे भरकटला आणि शेवटी एक मित्र म्हणाला, "मराठीत सायन्स फिक्शन आहेच कुठे? एक नारळीकर सोडले तर बाकी सगळी भुतं!" सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री रूमवर आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून सबमिशन बाजूला ठेवून हे लिहितोय. मी समीक्षक वगैरे नाही. ही एका वाचकाची मतं, पटली तर घ्या.

मी नायगावचा, बीडीडी चाळीतला. 160 चौरस फुटांची खोली आणि माणसं सहा. चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली, घरचे भाड्यानं पार बदलापूरला गेले, म्हणून मी होस्टेलवर आलो. येताना पुस्तकांची ट्रंक बरोबर आणली, ती आता माझ्या कॉटखाली आहे. (रूम पार्टनरनं तिला शू-रॅक केलंय, तो भाग वेगळा.) 1898 साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. आजोबा तिथले वर्गणीदार. माझी सुरुवात झाली भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नपासून. 'चंद्रावर स्वारी' मी चाळीच्या गॅलरीत बसून वाचलं, कारण आत टीव्ही चालू असायचा.

इंग्रजी पुस्तकं इथं आल्यावर हाती लागली. आयझॅक असिमॉव्हचं 'फाउंडेशन' सगळे डोक्यावर घेतात. खरं सांगू? कथा म्हणून ते कोरडं आहे. माणसं खोलीत बसून बोलतात आणि बाहेर साम्राज्यं पडतात. पहिल्या भागात तर बायका जवळपास नाहीतच. पण कल्पना मात्र जबरदस्त! वायूचा एक रेणू कुठं जाईल ते सांगता येत नाही, पण अख्ख्या वायूचा दाब सांगता येतो. तसंच कोट्यवधी माणसांच्या समाजाचं भविष्य गणितानं मांडता येईल, हे या हरी सेल्डनचं म्हणणं. आपण थर्मोमध्ये घोकतो तेच की!

सुट्टीत ही गोष्ट आजोबांना सांगितली. त्यांचा पहिला प्रश्न : "हरी म्हणजे आपल्यातला का?" आजोबा गिरणी कामगार. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपातले. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख कामगार होते, त्यातले ते एक. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गिरण्या जाणार हे आम्हांला कोणी गणित मांडून सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी आम्ही ऐकलं नसतं. रोज भोंगा वाजत होता ना." मग चहा प्यायला उठले. सेल्डनवर खटला चालतो तेव्हा त्याच्यावर कोणी विश्वास का ठेवत नाही, हे मला तेव्हा कुठं समजलं.

फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून' (1965) मला त्याहून जवळचं वाटतं. वीसेक प्रकाशकांनी ते नाकारलं आणि शेवटी छापलं कोणी, तर मोटार दुरुस्तीची मॅन्युअल्स काढणाऱ्या कंपनीनं! मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करावी. त्यातले लोक घामाचा थेंबसुद्धा वाया जाऊ देत नाहीत. ठरलेल्या वेळी येणारं पाणी पिंपात भरून दिवस काढणाऱ्या माणसाला ते पुस्तक परकं वाटणार नाही. टोल्किनची अंगठी मात्र मला जड गेली. चालणं फार, गाणी फार. सॅमसाठी वाचलं.

आता मराठीकडे येतो. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, आपली आद्याक्षरं उलटी करून. अक्षरही पत्नीचं. नावाचा फायदा नको म्हणून! आणि पहिलं बक्षीस मिळालं. 20 मे 2025 ला ते गेले तेव्हा ही आठवण सगळ्यांनी काढली, पुस्तकं मात्र किती जणांनी उघडली कोण जाणे. त्यांची 'वामन परत न आला' आपल्या प्रत्येकानं वाचावी. जमिनीखाली एका प्राचीन, प्रगत संस्कृतीची पेटी सापडते, तिच्यातल्या माहितीवरून विचार करणारं यंत्र बनवलं जातं, आणि पुढं त्या यंत्राला स्वतःसारखी आणखी यंत्रं हवी असतात. ड्रॉइंग हातात आहे म्हणून बनवायचंच का? आज निम्मं होस्टेल असाइनमेंट एआयकडून लिहून घेतंय, आणि हा प्रश्न चार वर्षांत आपल्या एकाही पेपरात येत नाही. तक्रार एकच : नारळीकरांची पात्रं व्हायव्हा दिल्यासारखी बोलतात. विज्ञान पक्कं, माणसं पुसट.

नारायण धारपांचं नेमकं उलट. 'लुचाई' स्टीफन किंगवरून घेतलेली आहे, मान्य. 'नेनचिम' सोडली तर त्यांच्या विज्ञानकथांचं नाव कोणी काढत नाही, तेही मान्य. पण धारपांचा पेन्शनर, कारकून, वाड्यातली म्हातारी ही माणसं आपण रोज पाहतो. म्हणून भीती वाटते. त्यांना 'भुताखेतांचे लेखक' म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एकदा रात्री दीड वाजता, विंगमधले दिवे गेलेले असताना, '४४० चंदनवाडी' वाचून दाखवावं. मग बोलू.

मला हवी आहे ती कादंबरी नारळीकरांचं विज्ञान आणि धारपांची माणसं घेऊन लिहिलेली. नायगावात घडणारी असली तर उत्तमच. पाडलेल्या चाळीच्या पायात एखादी पेटी सापडायला काय हरकत आहे? मी दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा तिसऱ्या पानावर माझा शास्त्रज्ञ व्हायव्हा द्यायला लागला.

असो. ट्रंक उघडी आहे. 'ड्यून' सध्या सिव्हिलच्या एकाकडे आहे, त्यानं पीएलच्या आधी परत करावं. 'वामन' कोणीही न्यावं. फक्त वर ठेवलेले बूट उचलून घ्या, आणि पानं दुमडू नका, त्यातली काही पुस्तकं आजोबांची आहेत.