कायम वास्तव्य : काय मोजले जाते आणि काय नाही

कॅनडात शिकायला गेलेल्या मुलाच्या घरी चार पाहुणे जमले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘पी. आर. झाले का?’ दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही आणि खरे पाहता सारे त्यावरच अवलंबून असते. मुलगा सध्या तेथे जे काम करतो आहे, ते सरकारदरबारी मोजले जाणारे आहे काय?

शिक्षण पूर्ण झाल्यावर तेथे राहून नोकरी करण्यासाठी जो परवाना मिळतो, त्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची असते आणि तो आयुष्यात एकदाच मिळतो. बँकेतील कर्जाप्रमाणे त्याचे नूतनीकरण होत नाही. या तीन वर्षांच्या आत कायम वास्तव्याच्या अर्जापर्यंत पोहोचावयाचे असते. बहुतेक विद्यार्थी त्यासाठी जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीतील ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास’ हा मार्ग धरतात. त्याची मुख्य अट ऐकावयास सोपी आहे : अर्जापूर्वीच्या तीन वर्षांत कॅनडात किमान एक वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा, कुशल कामाचा सवेतन अनुभव. आठवड्याला तीस तासांहून अधिक काम केले तरी हिशेबात तीसच धरले जातात. त्यामुळे दुप्पट राबून सहा महिन्यांत वर्ष भरून काढण्याचा व्यापारी हिशेब येथे चालत नाही.

घोटाळा ‘कुशल’ या शब्दात आहे. तेथील शासनाने सर्व व्यवसायांची शून्य ते पाच अशी प्रतवारी केली आहे आणि या मार्गासाठी शून्य ते तीन या प्रतींतीलच काम चालते. दुकानातील विक्रेता चौथ्या प्रतीत येतो, गल्ल्यावर बसणारा रोखपाल पाचव्या. त्याच दुकानातील पर्यवेक्षक मात्र दुसऱ्या प्रतीत आणि व्यवस्थापक शून्य प्रतीत. हिशेब लिहिणारा दुसऱ्या प्रतीत, पात्र लेखापाल पहिल्या. नियुक्तिपत्रावर हुद्दा भारदस्त लिहून घेतला की काम झाले, अशी समजूत आपल्याकडे आहे; पण तपासणारा अधिकारी हुद्दा पाहत नाही, प्रत्यक्ष कर्तव्ये पाहतो. म्हणून मालकाच्या पत्रात कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, वेतन आणि तारखा हे सारे असावे लागते.

व्यापारी घराण्यातील मुलांची फसगत नेमकी येथे होते. समजा, सांगलीच्या हळद व्यापाऱ्याचा मुलगा ब्रॅम्प्टनला शिकला आणि शिक्षण संपताच त्याने तेथे मसाल्यांचा स्वतःचा छोटा व्यापार मांडला. वर्षभरात जम बसला, वडिलांना अभिमान वाटला. परंतु या मार्गात स्वतःच्या धंद्यातील अनुभव मोजलाच जात नाही. त्याने कर भरला, नफा कमावला, दोन माणसे कामाला ठेवली, तरी तास शून्य! त्यापेक्षा दुसऱ्याच्या पेढीवर हिशेबनीस म्हणून वर्षभर केलेली नोकरी मोलाची ठरते. पूर्णवेळ शिक्षण चालू असताना केलेले कामही याच रीतीने बाद होते. दुसरा प्रकार याहून अधिक दुःखद. नातेवाइकांच्या दुकानात मुलगा मनापासून राबतो आणि काकांनी पगार रोख हातावर ठेवलेला असतो. घरातला व्यवहार, कागद कशाला, हा विचार आपल्याकडे सौजन्याचा समजला जातो. तेथे त्याचा अर्थ ‘पुरावा नाही’ एवढाच होतो. पगारचिठ्ठी, वर्षअखेरचे टी-फोर पत्रक आणि करखात्याची निर्धारण-सूचना ही तीन कागदपत्रे नसतील, तर वर्षभराचे श्रम सिद्ध करणे अतिशय कठीण होते.

अनुभव पूर्ण झाला म्हणजे अर्ज करता येतो असेही नाही. उमेदवार आधी गुणांच्या रांगेत उभा राहतो. एकूण गुण १,२००. अविवाहित उमेदवाराला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण मिळतात, तिसाव्या वर्षी १०५, पस्तिसाव्या वर्षी ७७, चाळिसाव्या वर्षी ५० आणि पंचेचाळिसाव्या वर्षी काहीच नाही. घरच्या पेढीवर दहा वर्षे काढून मग परदेशी शिकायला जाणाऱ्याने हे कोष्टक निघण्यापूर्वी पाहावे. वय कोणाच्या हातात नसते, इंग्रजी असते. चाचणीत सातव्या स्तराला प्रत्येक कौशल्याचे १७ गुण आहेत, नवव्या स्तराला ३१. चार कौशल्ये मिळून हा फरक ५६ गुणांचा होतो. आयईएलटीएसच्या भाषेत सांगायचे तर चारही विभागांत सहा मिळवणारा आणि श्रवणात आठ व उरलेल्या तिन्हींत सात मिळवणारा, यांच्यातील हे अंतर आहे. पाच-सहा महिने नेटाने अभ्यास केला तर ते कापता येते. तरी अनेक मुले परीक्षा एकदाच देऊन नशिबावर भार टाकतात, याचे नवल वाटते. फ्रेंच चांगली येत असल्यास जास्तीत जास्त ५० अधिक गुण मिळतात आणि एखाद्या प्रांताने नामनिर्देशन केले तर एकदम ६००.

नोकरीच्या प्रस्तावाला पूर्वी ५० किंवा २०० गुण मिळत असत. त्यातून प्रस्ताव विकण्याचा धंदाच उभा राहिला होता. २५ मार्च २०२५ पासून ते गुण काढून टाकण्यात आले. आजही ‘प्रस्ताव मिळवून देतो, गुण वाढतील’ असे सांगून कोणी लाखांची मागणी करीत असेल, तर जी वस्तू बाजारातून उठली तिचीच किंमत तो मागत आहे. खोटा अनुभव किंवा खोटे पत्र उघडकीस आले तर पाच वर्षांची प्रवेशबंदी होते. सल्ला देऊन मोबदला घेणारा मनुष्य वकील किंवा परवानाधारक सल्लागार आहे की नाही, हे तेथील नियामक संस्थेच्या यादीत पाहता येते. उधारी देण्यापूर्वी गिऱ्हाइकाची चौकशी करणाऱ्या घरांना हे शिकवायला नको. पण मुलाच्या भवितव्याचा प्रश्न आला की हीच घरे चौकशी विसरतात.

रांगही आता आकुंचित झाली आहे. २०२५ साठी पाच लाख लोकांना कायम वास्तव्य देण्याचे आधीचे लक्ष्य ऑक्टोबर २०२४ मध्ये ३,९५,००० वर आणले गेले. त्यातच २०२३ पासून आरोग्यसेवा, बांधकामाशी निगडित कारागिरी, फ्रेंच भाषा अशा विशिष्ट गटांसाठी स्वतंत्र निवडी होऊ लागल्या. वाणिज्य शाखेचा पदवीधर यांपैकी बहुतेक गटांत बसत नाही.

निवडीचे निमंत्रण आले की साठ दिवसांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो. हातातील परवाना संपत आला असेल, तर पूल ठरणारा एक खुला परवाना मिळू शकतो. मात्र तो अर्ज दाखल झाल्यावरच. नुसते रांगेत नाव असणे किंवा निमंत्रण येणे त्यासाठी पुरत नाही.

आता विवाहाचा विषय. अर्ज दाखल झाला, निर्णय यायचा आहे, मुलगा पंधरा दिवसांच्या रजेवर घरी आला, स्थळ चांगले चालून आले आणि लग्न उरकले, हा क्रम आपल्याकडे नित्याचा आहे. ‘आता कळवले तर काम लांबेल, नंतर सुनेला बोलावून घेऊ’ असा सल्ला वडीलधारी मंडळीच देतात. हा सल्ला घातक आहे. कायम वास्तव्य प्रत्यक्ष लागू होण्यापूर्वी कुटुंबात झालेला बदल कळवणे बंधनकारक असते. ज्या पत्नीची नोंद झाली नाही आणि तपासणी झाली नाही, तिला पुढे कुटुंब-प्रवर्गातून प्रायोजित करता येत नाही, असा सर्वसाधारण नियम आहे. काही महिन्यांचा विलंब टाळण्यासाठी संसारच दोन देशांत विभागला जाण्याची पाळी येते. नोंद केल्यास गुणांचे कोष्टक थोडे बदलते, काम थोडे लांबते, एवढेच.

कायम वास्तव्य मिळाले तरी ते पाय रोवून राहणाऱ्यासाठी आहे. दर पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात असावे लागते. वडिलांची प्रकृती बिघडली, पेढी सांभाळायला मुलगा परतला आणि तीन वर्षांहून अधिक काळ येथेच अडकला, तर हे गणित चुकते. कॅनडातील कंपनीने परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्याचे दिवस मोजले जातात. घरच्या भारतीय पेढीवरचे नव्हे. वास्तव्यपत्राची मुदत संपली म्हणून हक्क आपोआप जात नाही आणि पत्र मुदतीत आहे म्हणून तो शाबूत आहे असेही नाही. दोन्ही गैरसमज सारखेच प्रचलित आहेत.

इकडच्या बँकेतील बाजू मात्र पी. आर.ची वाट पाहत नाही. परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने शिक्षणासाठी बाहेर गेलेला विद्यार्थीही अनिवासी धरला जातो. २००३ पासून रिझर्व्ह बँकेची भूमिका हीच आहे. म्हणजे गावातील शाखेतले त्याचे बचत खाते तेव्हाच एनआरओ करून घ्यावयास हवे होते. वडिलांच्या भागीदारी पेढीत त्याचा हिस्सा आधीपासून असेल तर तो राहू शकतो. नव्याने भांडवल घालावयाचे झाल्यास ते परत बाहेर नेता न येण्याच्या अटीवर घालता येते. शेती, स्थावर मालमत्तेचा धंदा आणि छापील माध्यमे यांना त्यातही मनाई आहे. शेतजमीन त्याला वारसाहक्काने मिळू शकते, विकत घेता येत नाही. एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम कर भरून बाहेर नेता येते.

कायम वास्तव्याने भारतीय नागरिकत्व जात नाही. पासपोर्ट आपलाच राहतो. पाच वर्षांत १,०९५ दिवस भरल्यावर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो आणि ज्या दिवशी ते स्वीकारले जाते त्या दिवशी भारताचे संपते. मग जुना पासपोर्ट जमा करावा लागतो, ओसीआय कार्ड घेता येते, आणि एनआरओ व एनआरई खात्यांच्या नोंदींतही तो बदल बँकेला लेखी कळवावा लागतो.