दाभोळची बोट

आम्हां यवतमाळकरांना बोट ठाऊक ती हाताचीच. वर्धा नि पैनगंगा या आमच्या नद्या. समुद्राशी आमचा संबंध जिल्ह्याचा कापूस मुंबईच्या बंदरी जायचा तेवढाच.

पण माझ्या सासूबाई दाभोळच्या. 1952 साली लग्न होऊन त्या इकडे आल्या. पडावातून आगबोटीपर्यंत जायचे, रात्र डेकवर काढून मुंबई गाठायची, मग रेल्वेने मूर्तिजापूर आणि तिथून पुढे जिला सारे 'शकुंतला' म्हणू लागले त्या चिमुकल्या गाडीने यवतमाळ! 17 जुलै 1947 रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेंवर माणसे गेली होती. त्याला अवघी पाच वर्षे झालेली. लेक पोचल्याचे पत्र येईतो त्यांच्या आईच्या घशाखाली म्हणे घास उतरला नाही.

"एकदा नेतो तुम्हांला," असे मी दर दिवाळीला म्हणे. कधी मुलांच्या परीक्षा आडव्या आल्या, कधी घराचे पत्रे. अंथरुणाला खिळल्यावर एके दिवशी त्यांनी विचारले, "जावईबुवा, दाभोळची बोट अजून येते का हो?"

ती आगबोट बंद पडून कित्येक वर्षे झाली, हे मला ठाऊक होते. तरी म्हणालो, "येते की, आई. दिवाळी झाली की जाऊ."

श्रावणात त्या गेल्या.

दिवाळीनंतर ही म्हणाली, "अहो, आगबोट नसली तर नसो. जाऊ तिथवर पाण्यावरूनच जाऊ." निघालो. मुंबईस भाड्याची मोटार केली. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्याला नेणारी बोट सुटते, तासाभरात पलीकडे. तिथून प्रत्येक खाडीशी रस्ता संपे आणि जंगलजेटी पुढे नेई. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेशवी. मोटार बोटीत बसलेली पाहून मी लहान मुलासारखा टकमका बघत राहिलो. ही मात्र कठड्याला धरून गप्प. वेशवीला उतरताना एवढेच म्हणाली, "आई एकोणीस वर्षांची होती हो. एवढे पाणी ओलांडून एकटी परक्या मुलखात आली." चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट माझ्या ध्यानी आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दाभोळ. वाशिष्ठीच्या खाडीवर ऊन उतरले होते. इथेही 2003 पासून समोरच्या धोपाव्याला जाणारी जेटी आहे. आम्ही धक्क्यावर उभे असतानाच ती आली. फळी खाली पडली. स्कूटरी उतरल्या, मासळीची टोपली घेऊन एक बाई उतरली, शाळेची मुले उतरली. ही पदर डोळ्याला लावून म्हणाली, "बघा, बोट येते! तुम्ही आईला खोटे नव्हते सांगितले."

मी काही बोललो नाही. बोट येते, हे खरे निघाले. 'जाऊ' म्हणालो होतो, ते मात्र खोटे ठरले होते.

वाचकहो, फराळाला सारे जमले असाल, तेव्हा घरातल्या वडील माणसांना विचारा, कुठे जायचे राहिले आहे? आणि उत्तर आले की 'पुढच्या दिवाळीला' म्हणू नका. कॅलेंडर भिंतीवरून काढा आणि तारखेवर तिथल्या तिथे खूण करा.