प्रवेश हुकला, विद्या नव्हे!

पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांच्या प्रवेशयाद्या लागल्या, की जतसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातील कित्येक घरांवर अवकळा पसरते. यादीत नाव नसल्याचे दुःख आम्ही जाणतो. परंतु त्यापायी जमीन गहाण टाकून दूरच्या महागड्या संस्थेत जागा मिळविणे हा पुरुषार्थ नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९४७ साली साताऱ्यास महाविद्यालय काढले, ते श्रम करून शिकणाऱ्या निर्धन मुलांसाठीच. बापूजी साळुंखे यांनी १९५४ साली स्थापिलेल्या संस्थेचे राजे रामराव महाविद्यालय तर जतमध्येच आहे. पालकांनी पदवीपर्यंतच्या साऱ्या खर्चाचा हिशेब आधी मांडावा. घरावर कर्ज चढत असता मुलाचे चित्त पुस्तकात कसे रमणार? महाविद्यालयाच्या नावाने नव्हे, अभ्यासानेच विद्या येते.