विश्लेषण : झाकणावर ९.९ एचपी, आत १५ एचपी! भंगारातल्या बोट इंजिनांचे भाग अमेरिकेत का शोधले जातात?

अमेरिकेत इविनरूड किंवा जॉन्सन या ब्रँडची जुनी आउटबोर्ड मोटर, म्हणजे छोट्या बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन, बंद पडली की ती थेट वितळवायला जातेच असं नाही. आधी तिचे गिअर, इग्निशन कॉइल, कार्ब्युरेटर सोडवले जातात. त्यातही १५ हॉर्सपॉवरच्या मोटरच्या कार्ब्युरेटरवर अनेकांचा डोळा असतो.

त्यात एवढं काय आहे?

१९७४ ते १९९२ या काळात या दोन्ही ब्रँडच्या ९.९ आणि १५ एचपी मोटर एकाच सांगाड्यावर बनत होत्या. सिलिंडर तेच, क्षमताही तीच, साधारण २१६ सीसी. मुख्य फरक कार्ब्युरेटरचा. ९.९ मध्ये त्याची नळी अरुंद, त्यामुळे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण कमी जातं. थोडक्यात, कंपनीनेच इंजिनाला वेसण घातली होती. भंगारातल्या १५ चा कार्ब्युरेटर बसवला की ती सुटते.

शिवाय मूळ कंपनीच उरलेली नाही. हे ब्रँड चालवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे ते ज्यांच्याकडे आले त्या बीआरपीनेही मे २०२० मध्ये इविनरूडचं उत्पादन थांबवलं. काही भाग इतर कंपन्या बनवतात. बाकीच्यांसाठी भंगार धुंडाळावं लागतं.

मग हा पर्यावरणपूरक जुगाड म्हणायचा का? रील्समध्ये तसंच सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. धातू वाचतो, हे कबूल. मात्र या जुन्या टू-स्ट्रोक मोटर पेट्रोलचा पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त न जाळताच धुराबरोबर पाण्यात सोडतात. म्हणूनच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९८ ते २००६ दरम्यान टप्प्याटप्प्याने नियम कडक केले आणि नव्या मोटर बदलल्या. जुनी मोटर दुरुस्त होऊन आणखी दहा वर्षं चालली, तर प्रदूषणही तेवढी वर्षं चालतं.

खरी गडबड झाकणावरच्या स्टिकरची आहे. ओहायोसारख्या राज्यांत काही तलावांवर १० एचपीची मर्यादा आहे. कार्ब्युरेटर बदलून ९.९ चा स्टिकर तसाच ठेवला, तर ती सरळ फसवणूक ठरते. त्यात जिवाचाही धोका आहे. तिथे २० फुटांपेक्षा लहान बहुतेक मोटरबोटींवर जास्तीत जास्त किती एचपीचं इंजिन चालेल याची पाटी असते. १० एचपीसाठी बनलेल्या हलक्या बोटीला १५ चा जोर दिला, तर वळताना ती उलटू शकते. बोटीची पाटी १५ ला परवानगी देत असेल आणि तलावावर बंधन नसेल, तर मात्र हा बदल करण्यात गैर काही नाही.

एक भाग मात्र जाणकार भंगारातून घेत नाहीत : पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा. रबर कडक झालेलं असलं तर पाणी वर चढत नाही, इंजिन तापतं आणि पिस्टन जाम होतो. तो नवाच आणावा लागतो.